काचेच्या दाराबाहेर

काल एटीएमचं दार ढकललं आणि आतल्या कोंदट गारव्याचा वास आला. त्यासरशी मला अकोल्याच्या जुन्या शहरातलं, आमच्या घराजवळचं एटीएम आठवलं. आत आई अवघडून उभी आणि बाबा दाराबाहेर उन्हात.

बाबा निवृत्त शिक्षक. बँकेची सगळी कामं तेच करायचे. आईच्या नावाचं कार्ड कपाटात नुसतं पडून होतं. आदल्या दिवशी ते नागपूरला डॉक्टरांकडे जाऊन आले होते. "काही नाही, पित्त आहे," म्हणाले आणि सकाळीच आईला आणि मला तिथे घेऊन आले.

"मले काहून शिकवून राहिले? तुमी आहा ना," आई कुरकुरली.

"शिकून ठेव. मी भाईरच उभा आहो. एकटीनं काढ."

आई एकेक बटण शोधून दाबत होती. आकडा चुकला, पुन्हा चुकला. मी आतच तिच्या मागे उभी होते; मदतीला पुढे झाले, तर बाबांनी काचेतूनच हात करून थांबवलं. एवढा हट्ट कशाला, म्हणून मला त्यांचा रागच आला.

शेवटी नोटा बाहेर आल्या. आई परीक्षेत पास झाल्यासारखी हसत आली. बाबांनी तोंड फिरवून रुमालानं डोळे पुसले. ऊन लागलं असेल, असं मला वाटलं.

डॉक्टरांनी खरं काय सांगितलं होतं, ते आम्हाला फार उशिरा कळलं. दिवाळीआधीच बाबा गेले.

तेराव्यानंतर आई पैसे काढायला निघाली. मी सोबत येते म्हटलं.

"येते मले," चप्पल घालत ती एवढंच म्हणाली.