मागची सीट नसलेली गाडी

ऑफिसातली मुलं मला विचारतात, जुनी स्पोर्ट्स कार घेताना परफॉर्मन्स पॅकेज असलेलीच शोधावी का? मी मोटारीचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे आणि स्वतः तसली गाडी चालवते, म्हणून मी ब्रेक आणि सस्पेन्शनबद्दल काही सांगेन असं त्यांना वाटतं. तेही सांगते. पण मी पॅकेजवाली घेतली ती माझ्या काकामुळे, आणि हे ऑफिसात सांगण्यासारखं नाही.

काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. आमचं गाव खालापूर तालुक्यात, चौकच्या अलीकडे. मुंबईच्या लोकांना फार्महाउससाठी जमिनी दाखवता दाखवता काका मोठा झाला. माझे वडील खोपोलीच्या कारखान्यात राबत राहिले आणि मी कॉलेजात असताना गेले. त्यानंतर वर्षभरातच काकाच्या थोरल्या मुलाचं लग्न निघालं.

निघायच्या वेळी आई नवरदेवाच्या गाडीत मागे बसली होती. थोरली वहिनी म्हणून तिला तिथे कुणीतरी बसवलं होतं. नवी साडी, मांडीवर पिशवी. काका दाराशी आला आणि म्हणाला, "वैनी, उतरा जरा. नवरदेवाची गाडी हाय ही. तुमी मागं टेंपोत बसा बायकांसंगं." काकाच्या मागे काकी ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती आणि आईच्या मोकळ्या कपाळाकडे बघत होती. कारण कुणी बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. आई उतरली. माणसाला ताटावरून आणि पाटावरून उठवू नये, हे आम्हा पोरांना शिकवणारा हाच काका.

पुढच्या आठवड्यात बोहारीण आली तेव्हा ती एकदाच नेसलेली साडी आईने एका चाळणीवर देऊन टाकली. मी दारात उभी राहून बघत होते. तेव्हापासून मी डूख धरला, तो अजून सोडलेला नाही.

घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मुद्दाम सांगते, कुणी विचारलं नाही तरी. निकालाचे पेढे घेऊन गेले तेव्हा काका ओट्यावर बसून म्हणाला, "मेकॅनिकलची डिग्री म्हंजे काय गं? गाडीखाली झोपायचं?" बसलेली माणसं हसली. पेढा मात्र सगळ्यांनी घेतला.

मी नोकरीत नीट बसले तेव्हा गाडी घ्यायचं ठरवलं. लहानपणापासून हायवेच्या कडेला उभं राहून मी एकाच प्रकारच्या गाड्या बघत आले होते, दोन दारांच्या, बुटक्या. नवी परवडणारी नव्हती, जुनी परवडत होती. त्याच सुमारास काकाच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं आणि काकाचा फोन आला.

"बाय, लाल गाडी घेतेस म्हणं. बरं केलंस. आपला नवरदेव त्यातनंच जाईल. गावात अजून कुनाचा गेला नाय असा."

त्याने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मी "बघू" म्हणाले.

माझ्यापुढे दोन गाड्या होत्या. मॉडेल तेच, रंग तोच. एक शिळफाट्याला, जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या एका कोकणी मुसलमान गृहस्थाकडे. तिच्यात पॅकेज नव्हतं. दुसरी कर्जतकडे एका फार्महाउसच्या शेडमध्ये उभी होती, पॅकेजवाली आणि अर्थातच महाग. पॅकेज म्हणजे मोठे ब्रेक, हलकी चाकं, कडक सस्पेन्शन आणि गाडी जमिनीला आणखी चिकटलेली. शिवाय वजन कमी करायला कंपनीनेच मागची सीट काढून तिथे एक आडवा दांडा बसवलेला. पुढच्या दोन सीटही रेसिंगच्या, खोल.

शिळफाट्याच्या चाचांनी मला स्वच्छ सांगितलं, "ताई, मी माझी गाडी विकतोय म्हणून नाही बोलत. तुम्ही नोकरीसाठी रोज घाट चढता, तिथे ब्रेक मोठे असले तर बरं, एवढंच. बाकी त्या कडक सस्पेन्शनवर आपल्या रस्त्यानं गेलात तर पाठीचे मणके मोजता येतील. मागे सीट असू दे. पिशवी ठेवाल, पोर बसवाल."

त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. घाट मी काही शर्यतीसारखा उतरत नाही. साध्या गाडीचे ब्रेक मी खोपोलीपर्यंत उतरून तपासले होते, ते पुरेसे होते. इंजिन दोन्हींत सारखंच. मी बयाणा द्यायच्या बेतात होते आणि काका तिथे पोचला. गाडी बघायला आला होता, सोबत नवरदेवही. नवरदेव बिचारा लाजून बाजूला उभा. चांगला मुलगा आहे, मला दरवर्षी राखीला न चुकता येतो.

काकाने दार उघडलं, पुढची सीट वाकवली आणि मागे डोकं घालून हिशेब सुरू केला. "ह्या बाजूला नवरदेव. मावतोय. त्याच्या शेजारी करवली. पुढं मी बसतो, वाट दाखवायला."

"आणि आई?" मी विचारलं.

"वैनी? बस केलीय की या टायमाला. एसी बस हाय. आरामात येतील."

त्याला काही आठवत नव्हतं. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. मुद्दाम बोलला असता तर मी भांडले असते. चाचांना म्हटलं, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन कर्जतला गेले. फार्महाउसचा मालक गाडीचं कौतुक करत होता, मी ऐकत नव्हते. मी आईच्या गुडघ्यांकडे बघत होते. त्या सीटमध्ये शिरणं म्हणजे आडात उतरणं. आई आधी पाठमोरी झाली, दाराच्या चौकटीला धरलं, बूड टेकवलं, मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतला. बसल्यावर तिचं डोकं खिडकीच्या काठाच्या जरा वर दिसत होतं.

"आई, त्रास होईल गं. शिळफाट्याची बरी. तिच्यात बसायला सोपं."

"तिच्यात मागं शीट हाय ना?"

"हाय."

"मंग ती नको." तिने पदर नीट केला. "मागं जागा असली का तो मानसं भरनार, आन मला म्हननार उतरा. हितं कोन बसनार? तू आन मी."

इतकी वर्षं मला वाटत होतं, डूख मी एकटीनेच धरला आहे.

मी पॅकेजवाली घेतली. काकाला फक्त "गाडी आली" एवढंच कळवलं. खोटं काहीच बोलले नाही.

लग्नाच्या सकाळी काका झेंडूच्या माळा घेऊन आला. आई तोवर पुढे बसून पट्टा लावून तयार होती. काकाने माझ्या बाजूचं दार उघडून मागे बघितलं.

"मागची शीट कुठं गेली?"

"कंपनीनंच काढलीय, काका. पॅकेज हाय."

"काय पॅकेज?"

"वजन कमी करायचं."

मागे उभी असलेली पोरं फिसकन हसली. काकाने गाडीला वळसा घातला, आईच्या खिडकीशी आला आणि तोंड उघडलं. त्याच्या आधी आईच म्हणाली, "भावोजी, मला काय उतरता यायचं नाय. गुडघे." ती हे अगदी साधेपणाने म्हणाली. नवरदेव मुंडावळ्या सावरत म्हणाला, "जाऊ द्या बाबा, आपली गाडी हाय की." त्याचा काही दोष नव्हता. मला त्याच्यासाठी वाईट वाटलं, पण थोडंच. माळा मी माझ्या गाडीला बांधून घेतल्या. आणल्याच होत्या.

हॉल लोधिवलीकडे होता. मी गाडी मुद्दाम मांडवाच्या तोंडाशी लावली. आईला खरंच उतरता येईना. बसणं जमायचं, उठायला मात्र माझे दोन्ही हात लागायचे. मी म्हटलं, थांब जरा. मग एकेक जण भेटायला येऊ लागला. थोरली बाई गाडीत बसलेली, तिला न भेटता आत कसं जायचं? आणि गाडी एवढी बुटकी, की भेटायचं तर कमरेत वाकायला लागे. व्याही वाकले. नवरदेव पाया पडायला आला, पाय हाती लागेनात, तिच्या गुडघ्याला हात लावून गेला. ओवाळणीचं ताट सांभाळत काकी वाकली.

पंगत बसायची वेळ झाली. घरातलं वडील माणूस बाहेर असताना पान वाढता येत नाही, सगळे आत ताटकळलेले. शेवटी काका स्वतः आला. थोडा वाकून म्हणाला, "वैनी, जेवायला चला."

"काय म्हनताय भावोजी? ऐकू येत नाय. जरा खाली या."

मी पलीकडे उभी होते. आईला नीट ऐकू येतं. काका अजून वाकला. तरी तिने मान हलवली. मग पांढरा झब्बा मातीला लागू नये म्हणून एका हाताने वर धरत तो दाराशी चवड्यांवर बसला आणि तोंड तिच्या तोंडासमोर आणून पुन्हा म्हणाला, "जेवायला चला, वैनी."

आई म्हणाली, "चला."

तेव्हा मी गेले आणि तिला हात दिला.