हजेरीपुरती पोरं

शाळेची तपासणी असली की आदल्या दिवशी सहदेव गुरुजी बौद्धवाड्यात ठकूबाईला निरोप धाडत. ठकूबाई रोज इरशाळच्या डोंगराकडे मोळीला जायची. तपासणीच्या दिवशी शाळेतली ढ पोरंही तिच्याबरोबर रानात जात. साहेबांसमोर बसायची ती फक्त हुशार मुलं. निकाल झकास लागे, शाळेला चांगला शेरा मिळे. झाकली मूठ सव्वा लाखाची! रानात जाणाऱ्यांत ठकूबाईची बुधीही असे. पण गुरुजींचा शब्द मोडायचा कुणी? ठकूबाई गप्प राही.

अडुसष्ट साली मी आणि बुधी सहावीत होतो. पुढच्या जूनला गावात सातवी मिळणार की नाही, हे तपासणीवर ठरणार होतं. वर्गात पुरेशी मुलं हवीत आणि निम्म्याच्या वर पास व्हायला हवीत. नाहीतर चौक गावची शाळा, म्हणजे आम्हा मुलींनी घरी बसायचं. हमरस्त्यानं पोरींना कोण धाडतंय?

साहेब आले, हजेरीपट पाहिला, समोरची डोकी मोजली.

"बाकीची कुठं आहेत?"

"गावात ताप आहे, साहेब," गुरुजी म्हणाले.

"मग एवढीच धरतो. एवढ्यांवर सातवी मिळत नाही."

निकालाच्या नादात मुलांच्या संख्येचा गुरुजींना विसरच पडला होता. शेजारी बसलेले सरपंच मालोजी पाटील पाणी प्यायच्या निमित्तानं उठले आणि त्यांनी रानाकडे माणूस पिटाळला.

दुपारी ठकूबाई पोरांना घेऊन दारात उभी राहिली. गुरुजी तिच्या कानाशी पुटपुटले, "मागं बसव. नुसती मोजून होऊ देत."

"मोजायला चालत्यात, मंग इचारायला का नाय?" ठकूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "सायेब, ह्यांना बी इचारा. दर साली पोरगी म्हनती, आये, सायेब मला कदी इचारनार?"

साहेबांनी गुरुजींकडे एकदा पाहिलं आणि बुधीला उभं केलं. सोपंच त्रैराशिक होतं. बुधी फळ्याकडे बघत राहिली. मी मनातल्या मनात उत्तर ओरडत होते. सांग गं बये, सांग! तिच्या तोंडून शब्द फुटेना. तिच्यामागून उभ्या केलेल्या पोरांनाही उत्तरं आली नाहीत.

आमची उत्तरं सकाळीच झाली होती. साहेबांनी पास झालेल्यांची बेरीज केली. "निम्मी होत नाहीत, गुरुजी. सातवीची शिफारस करता येणार नाही."

मला रडू फुटलं. ठकूबाईचा असा संताप आला, की तिचं तोंड बघू नये असं वाटलं. इतकी वर्षं गप्प होतीस, आजच तुला वाचा फुटायची होती?

साहेबांची पाठ फिरताच पाटील तिच्या अंगावर धावून गेले. "तुज्या पोरीनं गावाची सातवी घालवली!"

ठकूबाईनं बुधीचा हात धरला. "पाटील, मी पोरगी पयलीपासनं शाळंत धाडली व्हती. रानात कोनी धाडली?"

मी डोळे पुसले आणि गुरुजींकडे पाहिलं.