पुसलेले आलुबुखार

आमच्या घरातून न पुसलेला आंबा कधी पेटीत गेला नाही. उतरवलेल्या आंब्याला चीक असतो. तो वेळेवर पुसला नाही तर सालीवर काळे ओघळ उमटतात आणि बसऱ्याचा व्यापारी पेटी उघडताच नाक मुरडतो. म्हणून चैत्र-वैशाखात कल्याणला पारनाक्यामागच्या आमच्या वखारीत घरातल्या बायका ओळीने बसायच्या, जुन्या धोतराचं फडकं ओलं करून एकेक आंबा पुसायच्या आणि मगच तो कागदात गुंडाळायच्या. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी मला स्वयंपाकघराच्या आधी वखारीत बसवलं. मला ते काम आवडलं, कारण माझे हात कधी स्वस्थ राहायचे नाहीत. सासूबाई म्हणायच्या, हिच्या पायाला भिंगरी आणि जिभेला धार. मी लगेच उत्तर द्यायची आणि त्यांचं म्हणणं खरं करून दाखवायची. वेळेला गप्प बसणं मला आयुष्यात जमलं नाही. एकदाच जमलं, आणि तेव्हा जमायला नको होतं.

माझे सासरे, मामंजी, परदेशी आंबा पाठवायचे. ऐकायला मोठं वाटतं. खरं म्हणजे मोसमात काही शे पेट्या बोटीने बसऱ्याला आणि एडनला जायच्या, एवढंच. पण त्यासाठी लागणारे सरकारी कागद त्यांच्या नावावर होते आणि त्या कागदांपायीच काका आमच्याकडे यायला लागले.

काका आम्ही म्हणायचो एवढंच; ते क्वेट्ट्याचे. देशाची फाळणी झाली तेव्हा बायको आणि दोन नातवंडं घेऊन निघाले ते शहाडच्या पुढच्या निर्वासितांच्या छावणीत येऊन पडले. लष्कराची जुनी बराक, तिच्यात गोणपाटाचे पडदे आणि एका पडद्यामागे हे चौघं. तिकडे चाळीस वर्षं त्यांचा ताज्या आलुबुखाराचा धंदा होता. ते सांगायला लागले की ऐकत राहावं. क्वेट्ट्याला रेल्वेत चढवलेला माल मुंबईत उतरायचा, तिथून बोटीने कोलंबोला, सिंगापूरला जायचा, आणि तिथे साहेब लोक तो काट्याचमच्याने खायचे. हे शेवटचं मला खरं वाटायचं नाही. आलुबुखार मी पाहिला होता तो वाळलेला, आजारी माणसाच्या तोंडाला चव यावी म्हणून वाण्याकडून आणलेला.

आता क्वेट्टा परदेश झालं होतं. झाडं तीच, फळ तेच, पण मुंबईत उतरवायचं तर आयातीचा परवाना हवा, आणि छावणीत राहणाऱ्या म्हाताऱ्याला तो कोण देणार? मामंजींना मात्र एका खेपेपुरता मिळण्यासारखा होता. काकांचा जुना पठाण भागीदार तिकडे अजून बागा राखून होता. त्याने कळवलं होतं, बत्तीस पेट्या पाठवतो, तुमच्या शब्दावर. बोलणं ठरलं ते असं: मुंबईचा एक मोठा आडत्या होता, बोटींवर फळं पुरवणारा, त्याने ही खेप उचलली तर तो मोसमभर माल घेणार, मामंजी पुढचा परवाना काढणार आणि काकांना त्यांचा धंदा परत मिळणार. नाही उचलली, तर बराक होतीच.

परवान्याचा फॉर्म इंग्रजीत होता. आमचे हे ठाण्याला गिरणीत कारकून, सकाळी जात ते दिवेलागणीला येत. तेव्हा मॅट्रिक झालेली म्हणून फॉर्म माझ्या वाट्याला आला. काका ओट्यावर बसून सांगायचे, मी लिहायची. माल कोणत्या देशाचा, असा एक रकाना होता. ते म्हणाले, "लिख, क्वेटा." मी फटकन म्हटलं की क्वेट्टा गाव झालं, इथे देश विचारलाय. ते उठून माठातलं पाणी प्यायले, आणि तिथूनच पाठमोरे म्हणाले की जे विचारतात ते लिहून टाक. मी लिहिलं. त्या दिवसापासून मला त्या बत्तीस पेट्यांची त्यांच्याहून जास्त घाई झाली.

परवाना आला, पण बोट येईना. आषाढ होता, वखार आंब्यांवाचून रिकामी, भिंतींना ओल आलेली. काका रोज सकाळी शहाडहून चालत यायचे, तार आली का विचारायचे आणि ओट्यावर बसून राहायचे. त्यांची बोटं गुडघ्यावर सारखी काहीतरी मोजत असायची. मी आत-बाहेर करायची. दूध उतू गेलं, दोनदा भात करपला. सासूबाई म्हणाल्या, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते मी पुरुषांतच पाहिलं होतं. मी म्हटलं, आता बायकांतही बघा.

शेवटी एका संध्याकाळी ट्रक आला. पातळ फळ्यांच्या, हलक्या पेट्या. काकांनी एकच पेटी उघडली. फळाला हात लावला नाही. वाकून नुसतं बघितलं, वास घेतला आणि झाकण लावलं. चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडे पाहिलं. मग त्यांनी मला दोनच गोष्टी बजावल्या: झाकणं उघडी ठेवून हवा द्यायची, आणि पेटीवर पेटी रचायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आणि मामंजी मुंबईला गेले. आदल्या खेपेच्या आंब्याची काही कामं होती, ती आटपून परवा सकाळी आडत्याला बरोबर घेऊनच येणार होते.

मी झाकणं उघडली. फळं जांभळीकाळी, मुठीत मावतील एवढी, आणि प्रत्येकावर पांढुरकी पूड. जणू कोणी राख भुरभुरली होती. त्या वर्षी डीडीटी मारणारी माणसं घरोघर फिरत होती, आमच्या भिंतींवर त्यांच्या फवाऱ्याचे पांढरे डाग ताजे होते. मला वाटलं, हे बोटीवर मारलेलं औषध. सासूबाईंनाही तसंच वाटलं. त्या म्हणाल्या, येऊ दे त्यांना, विचारू. पण दोन दिवस नुसतं बसायचं? आडत्या यायचा, औषध माखलेलं फळ बघायचा आणि नाक मुरडायचा, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. मी धोतराचं फडकं फाडलं, ओलं केलं आणि बसले. थोड्या वेळाने सासूबाई आल्या, मग नणंदही आली.

दिवसभर पुसलं आम्ही. बत्तीसच्या बत्तीस पेट्या. पुसलेलं फळ असं चमकायचं की त्यात खिडकी दिसायची. नणंद म्हणाली, वहिनी, काका ओळखणार नाहीत आपला माल. मला इतका आनंद झाला होता की मी गाणं म्हणत होते. न पुसलेला माल म्हणजे कामचुकारपणा, हे आम्हाला इतकं पक्कं माहीत होतं की दुसरं काही असू शकतं हे मनातही आलं नाही. आलुबुखार पुसू नका, हे सांगावं लागेल असं काकांना सुचलं नाही. विचारायला थांबावं, असं मला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिघं आले. वखार आणि घर यांच्यामधल्या दारात मी आणि सासूबाई उभ्या होतो. शाबासकी ऐकायलाच उभी होते मी. आडत्याने एक फळ उचललं, उजेडात धरलं, अंगठ्याने चोळलं. दुसऱ्या पेटीतलं घेतलं, तिसऱ्या पेटीतलं घेतलं. खालच्या फळांना ओल लागून तपकिरी डाग पडायला लागले होते, तेही त्याने वर काढून दाखवले. मग त्याने मामंजींना विचारलं की हा माल किती हातांतून गेलाय. ती पूड झाडावरच येते, तो म्हणाला. ती अंगावर असली की समजायचं, फळाला कुणी शिवलेलं नाही. बोटीवाला आधी तीच बघतो. ही चकाकणारी फळं बघून तो म्हणेल, गल्लीत विकून उरलेली मला आणून दिली.

काका एका पेटीपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

मामंजी दाराकडे वळले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. "हे पुसायला कोणी सांगितलं?"

माझं तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगते. पण माझ्याआधी काका बोलले. "मैंने कहा था, सेठ."

आडत्या हसला. चाळीस वर्षं धंद्यात आणि आलुबुखार पुसायला सांगितले? जाताना तो मामंजींना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की या म्हाताऱ्याने जन्मात आलुबुखार विकले असतील असं त्याला वाटत नाही. काकांजवळ घर नव्हतं, गाव नव्हतं. आपण आलुबुखारातले जाणकार, एवढीच एक गोष्ट ते सीमेपलीकडून आणू शकले होते. ती माझ्यासमोर गेली. आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. सुटले, असं मला वाटलं. त्या वाटण्याची लाज आज म्हातारपणीही तेवढीच आहे.

फळं कल्याणच्या बाजारात मिळेल त्या भावाने गेली, उरलेल्यांचा सासूबाईंनी मुरंबा घातला. पुढच्या परवान्याचं मामंजींनी नाव काढलं नाही. गृहस्थ भला आहे, ते म्हणाले, पण त्याला यातलं कळत नाही. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पण त्याही बोलल्या नाहीत. फडकं त्यांच्याही हातात होतं.

काका यायचे बंद झाले. माझं कशात लक्ष लागेना. भांडी हातातून पडायची, नणंदेवर उगाच ओरडायची, ओट्यावर जाऊन रस्ता बघायची आणि परत यायची. एका दुपारी देवळात जाते असं सांगून निघाले आणि टांगा करून शहाडला गेले. छावणीपर्यंत जावं लागलं नाही. स्टेशनबाहेरच काका केळ्यांची हातगाडी लावून उभे होते.

मी तिथेच सगळं बोलून टाकलं. माझी चूक, माझा उतावळेपणा, आणि आज घरी गेले की मामंजींना सांगणार. ते परवाना काढतील, आडत्याची समजूत घालतील. काकांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी मला सांगितलं की ही केळी वसईचा एक व्यापारी त्यांना उधारीवर देतो. मामंजींनीच त्याला सांगितलं होतं, माणूस अनाडी आहे, पण खोटं बोलणारा नाही.

"अनाड़ी को कोई फिर भी माल दे देता है, बेटी," ते म्हणाले. "झूठे को कोई नहीं देता. तू सच बोलेगी, तो मैं झूठा हो जाऊँगा."

मी तिथवर आले होते ती माझं ओझं उतरवायला, आणि ते उतरवलं असतं तर त्यांच्याच डोक्यावर पडलं असतं. मामंजी पुढे पुष्कळ वर्षं जगले. ते असेपर्यंत मी बोलले नाही.

मी भागीदाराबद्दल विचारलं. त्याला त्यांनी कळवलं होतं की माल बोटीवर भिजला. तो बिचारा वाईट वाटून घेईल, पण आपल्या पेट्यांना नावं ठेवणार नाही, असं ते म्हणाले. हा दुसरा खोटेपणा, तोही माझ्याच पायी. त्यांनी सहा केळी तोडून माझ्या हातात दिली आणि पैसे घेईनात. मी बोलायला शब्द शोधत उभी होते. हात मात्र नेहमीसारखे चालूच होते. काका माझ्या हातांकडे बघताहेत हे लक्षात आलं तेव्हा मी खाली पाहिलं. मी पदराने एकेक केळं पुसत होते.

माझे हात तिथेच थांबले. काका हसले, अगदी सहज, घरातलं माणूस हसतं तसे.

"पोंछ ले, बेटी," ते म्हणाले. "केले का कुछ नहीं बिगड़ता."

मी भर रस्त्यात रडायला लागले.