विमावहिनी

बिस्किटांच्या कारखान्यात तिचा नवरा भट्टीवर होता आणि ती पॅकिंगमध्ये. नवरा इतकं कमी बोलायचा की भट्टीवरचे लोक त्याला मौनीबाबाच म्हणायचे. तिच्या तोंडाचा पट्टा मात्र दिवसभर चालू. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलेना. सासूने आधी सुचवलं, मग टोमणे मारले, शेवटी विषयच सोडला. आणि ते तिला टोमण्यांहून जास्त लागलं.

तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, अडचण त्याच्यात होती. उपाय होता, पण महागडा.

"काळजी कसली? आपला कारखान्याचा विमा आहे की," ती म्हणाली, आणि इस्पितळातल्या विम्याच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

खिडकीतल्या मुलीने कार्ड पाहिलं आणि मान हलवली. "मूल न होणं हा यात आजार धरत नाहीत, ताई."

"मग काय धरतात? हौस?"

मुलगी ओशाळली. आवाज खाली करून म्हणाली, "पॉलिसी दरवर्षी नवी होते. त्यात काय घालायचं ते तुमची कंपनी ठरवते. तिकडे विचारा. इथे भांडून उपयोग नाही."

तिने तेच केलं. कामगार अधिकारी माणूस सज्जन, पण चाकोरी सोडणारा नव्हे. "आजवर कुणी मागितलंच नाही," तो म्हणाला. "कँटीनमध्ये पॉलिसीची बैठक आहे, तिथे विचारतो. माणसं पुढे आली तर मला वर बोलता येईल."

मग पॅकिंगच्या टेबलावर, पाण्याच्या नळाशी, जिथे सापडेल तिथे ती बायकांना एकेकीला गाठत राहिली. कुणाच्या भावजयीची तीच कथा, कुणाची स्वतःची. सगळ्या म्हणायच्या, "तू बोल गं, आम्ही आहोत तुझ्या मागे."

बैठकीला कँटीन गच्च भरलं. डोळे, दात, बाळंतपण सगळं सांगून झाल्यावर अधिकाऱ्याने घसा खाकरला. "मूल होण्यासाठीचे उपचार पॉलिसीत घ्यावेत, अशी एक मागणी आहे. कुणाकुणाला हवंय?"

मागे आहोत म्हणणाऱ्या खरोखरच मागे, खाली माना घालून बसल्या होत्या. ती उठणार, तेवढ्यात भट्टीवाल्यांच्या बाजूला बाक करकरला.

मौनीबाबा उभा होता.

"मला हवंय." त्याचे कान लालबुंद झाले होते. "कमी माझ्यात आहे, हिच्यात नाही. इतकी वर्षं लोक हिलाच विचारत आले. कळल्यावरही हिने कुणाला माझं नाव सांगितलं नाही. म्हणून मी सांगतो."

कुणीतरी खिदळलं. तसा भट्टीचा मुकादम, चांगला दांडगा गडी, उठून हसणाऱ्याकडे वळला. "माझ्या घरीही तेच आहे. आता हस."

मग पॅकिंगमधल्या दोघी उठल्या, पाठोपाठ एक ड्रायव्हर, मग आणखी कुणी कुणी. तिला धड काही दिसेना. डोळे भरले होते, पण मान ताठ होती. हा माझा माणूस, असं तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि नेमका त्याच दिवशी तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

बातमी त्यांच्या आधी घरी पोचली. सासू दारातच उभी. "माझा मुलगा बोलला? सगळ्यांसमोर?"

"हो."

"स्वतःहून?"

"हो ना."

सासू उंबऱ्यावरच बसली. सुनेला जवळ ओढून म्हणाली, "मी तुला फार बोलले गं." मग लेकाकडे वळून, "आणि तुला रे, तोंड आहे हे आत्ता आठवलं?"

कंपनीने बरीच काचकूच केली, पण नव्या पॉलिसीत उपचार आले. मर्यादा घालून, अटी लावून, पण आले. त्या दोघांचा पहिला प्रयत्न फसला. ती खूप रडली, मग कामावर गेली. मुकादमाच्या घरी मात्र मुलगी झाली. बाळाला मांडीवर घेताना काळजात काटा रुतला नाही असं नाही. पण ही पोर आपल्या माणसाच्या चार शब्दांमुळे आली, हा अभिमान त्याहून मोठा होता.

आता कुणाचा क्लेम अडकला की लोक तिलाच शोधत येतात. विमावहिनी म्हणतात तिला. सुट्टीच्या दिवशी बुजलेली जोडपी घेऊन ती इस्पितळात जाते, उपचाराआधी विम्याची मंजुरी घ्या म्हणून बजावते, गरज पडली तर भांडतेही. त्यांचा स्वतःचा दुसरा प्रयत्न पुढच्या महिन्यात आहे. या खेपेला सासूही बरोबर येणार म्हणते.