कॅप्टनचं पथ्य

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी कुत्र्याच्या पोटाचा आमच्या दाजींइतका जाणकार सापडणार नाही, आणि बायकोच्या पोटाबद्दल त्यांच्याइतका अडाणीही सापडणार नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फौजेत हवालदार होते, पेन्शनीत आल्यावर चार वर्षं पाचगणीच्या एका शाळेत वॉचमन होते आणि आता कोरेगावजवळच्या आपल्या गावी ऊस बघत बसलेले असतात. बसलेले म्हणजे खुर्चीत. ऊस आक्का बघते. मी सांगलीला एका शाळेत कारकुनी करतो. दाजींबद्दल माझ्या मनात असलेली अढी आजची नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना माझ्या बोलण्यातला कडवटपणा ज्याने त्याने आपल्या अंदाजाने कमी करून घ्यावा.

पाचगणीहून कायमचं घरी येताना दाजींनी एक कुत्रा आणला. लांब कानांचा, तांबूस, कुणा हौशी कुटुंबाने पठारावर फिरायला आणून तिथेच सोडून दिलेला. पर्यटकांनी त्याला वर्षभर कणसं, वडापाव, भेळ आणि स्ट्रॉबेरी-क्रीम चारलं, त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले आणि त्याच्या आतड्यांची पार वाट लावून आपापल्या गावी निघून गेले. दाजींना तो शाळेच्या फाटकापाशी सापडला तेव्हा त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि मागून अखंड गळती चालू होती. शाळेने सांगितलं, हाकलून द्या. दाजींनी नोकरी सोडली. कुत्र्याचं नाव त्यांनी कॅप्टन ठेवलं. "जल्मभर कॅप्टनला सलाम ठोकला, आता कॅप्टन माज्या हातचं खातोय," असं ते ऐटीत सांगत. पण हाडात मुरलेली सवय जाते कुठे? कुत्र्याला ते अहो-जाहो करत. "कॅप्टन, चला. बसा. दमानं खावा." आणि त्याच दमात आत वळून, "अगं ए, पानी आन."

कॅप्टनचं पोट हा त्या घरातला मुख्य विषय झाला. सकाळी सहाला दाजी हातात काठी घेऊन त्याच्यामागून उसाच्या कडेला जात आणि जे काही पडलं असेल त्याची वाकून पाहणी करत. मग अंगणात येऊन, पाहुणे पोह्यांचा घास तोंडात घालत असतानाच, जाहीर करत, "आज बांधून झालीया. रंग फर्स्ट क्लास." पाहुण्यांचा घास तिथेच थांबे. पुढे पुढे ते फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला लागले. माझ्या मुलीच्या साखरपुड्याचे फोटो आले त्या दिवशी तिच्या हळदीकुंकवाच्या ताटाला लागूनच कॅप्टनचा सकाळचा अहवाल होता, खाली लिहिलेलं, "तीन दिसांनी सुधारना." माझी बायको त्याच दिवशी ग्रुपमधून बाहेर पडली. मी पडलो नाही. आक्काची खुशाली कळायला दुसरी वाट नव्हती, आणि त्या ग्रुपवर आक्काची खुशाली कधीच नसायची.

त्याचं जेवण दाजी स्वतः शिजवत. ज्या माणसाने चाळीस वर्षांच्या संसारात चहाचं आधण ठेवलं नव्हतं, तो लाल भोपळ्याच्या साली काढताना मी डोळ्यांनी पाहिला. मऊ भात, भोपळा, कातडी काढलेली उकडलेली कोंबडी, मीठ नाही, तेलाचा थेंब नाही. त्यासाठी वेगळा कुकर होता, आणि त्या कुकरात चुकून कुणी आमटी लावली तर दाजी तो तीनदा घासत. दिवसातून चार वेळा, घड्याळ लावून, मूठ-मूठ वाढायचं. साताऱ्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की एका वेळी एकच बदल करा आणि दहा दिवस थांबा. हा हुकूम दाजींनी असा पाळला की तांदूळ बदलायचा ठरला तेव्हा दहा दिवस त्यांनी स्वतः गावाबाहेर पाऊल टाकलं नाही. सख्ख्या चुलतभावाच्या नातवाचं बारसं चुकवलं. "इंद्रायणी चालू केलाय, हालता येत न्हाई," असा निरोप पाठवला. या सगळ्याची एक वही होती. पोटात काय गेलं, किती वाजता गेलं, बाहेर काय आलं. दोन वर्षांत त्या कुत्र्याच्या अंगावर मांस आलं, कातडीवर चकाकी आली, हे मात्र मला कबूल करावंच लागेल.

गल्लीला हे सगळं पापच वाटे. आमच्याकडे दाराशी आलेल्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा घातल्याशिवाय बाई स्वतः पानावर बसत नाही. दाजींनी फाटकावर पाटी लावली, "कुत्र्यास काही घालू नये." शेजारच्या म्हातारीने ती नातवाकडून वाचून घेतली आणि भिंतीवरून म्हणाली, "फौजदारा, मुकं जनावर हाय ते. शाप लागंल तुला." दाजी हवालदार होते, पण म्हातारी त्यांना फौजदारच म्हणे. दाजी म्हणाले, "आवं काकी, शाप मला लागू दे, जुलाब त्याला लागायला नगंत."

आणि आक्का? आक्का त्याच घरात सगळ्यांच्या मागून, उभ्याउभ्या, जे उरेल ते जेवायची. तिच्या कमरेला ओवा आणि सोड्याची एक डबी कायम खोचलेली. जेवली की छातीत आग, नाही जेवली तरी आग. रस्त्याने चालता चालता मध्येच थांबायची, पोटावर हात दाबून धरायची आणि पदर सारखा केल्याचं नाटक करून पुढे निघायची. एकदा मी न राहवून दाजींना म्हणालो, "दाजी, आक्काला एकदा डॉक्टरला दाखवा." ते कॅप्टनची जीभ तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "बायकांचं चालायचंच की पावणं. तिला काय सुदिक झालं न्हाई." त्या दिवसापासून मला त्या कुत्र्याकडे नीट बघवेना. त्या मुक्या जीवाचा काय दोष, हे कळत होतं. तरी बघवेना.

यंदाच्या जत्रेला आम्ही सगळे गेलो होतो. जत्रेचं मटण म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत पंगती, आणि आग्रह असा की पाहुणा उठायला लागला की खांदा दाबून पुन्हा बसवायचा. दुपारचे चार वाजून गेले. पाचवी पंगत बसली होती. आक्का चुलीपुढे भाकऱ्या थापत होती आणि तिच्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं, हे मी तिच्याच तोंडून ऐकलं. तेवढ्यात पंगतीत वाढायचं सोडून दाजी मागच्या खोलीकडे निघाले, हातात छोटं पातेलं. कॅप्टनची चारची वेळ टळली होती. खोलीत त्याला कोंडलेलं, बाहेर जत्रेची गडबड, आणि दाजी आतून म्हणत होते, "कॅप्टन, खावून घ्या. उशीर झाला आज, माफी."

माफी हा शब्द मला सहन झाला नाही. दाजी पंगतीकडे परतल्यावर मी एक भाकरी घेतली, तर्रीदार रश्श्यात बुडवली, वर चरबीचे चांगले चार तुकडे ठेवले आणि मागच्या खोलीत गेलो. मला त्याची दया आली असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. दया थोडी होती. बाकी सगळा राग होता. दाजींची दोन वर्षांची शिस्त एका ताटलीत मोडावी, एवढंच मला हवं होतं. मला वाटलं, फार तर चार दिवस पोट बिघडेल.

तासाभरात कॅप्टन ओकायला लागला. पाठीची कमान करून, पोट आत ओढून, नुसता थरथरत उभा. दाजींनी अंगणातले पाहुणे, पंगत, गावची पालखी सगळं तिथल्या तिथे सोडलं आणि मला म्हणाले, "पावणं, गाडी काढा." सातारा येईपर्यंत ते मागच्या सीटवर त्याला मांडीवर घेऊन बसले होते आणि मी आरशात बघणं टाळत होतो. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि विचारलं, "काय खाल्लं याने आज?" दाजींनी खिशातून वही काढून वाचली. सहा वाजता अमुक, दहा वाजता तमुक. "चरबीचं काही?" डॉक्टरांनी विचारलं. "शक्यच न्हाई सायेब," दाजी म्हणाले. "माज्या हाताबाहेरचं त्याच्या पोटात जात न्हाई."

मी म्हणालो, "मी घातलं. मटण, रस्सा, भाकरी."

आता हा माणूस माझ्या अंगावर येणार, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तो यावा असंच वाटत होतं. दाजींनी पेन काढलं. "भाकरी आख्खी का अर्धी?" मी म्हटलं, आख्खी. "आनि वाजलं किती हुतं?" मी सांगितलं. त्यांनी सगळं सावकाश लिहून घेतलं, वही डॉक्टरांपुढे ठेवली आणि कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडाला सूज आहे, सलाईन लावू, बघू. तीन दिवस दाजी त्या दवाखान्याच्या बाकड्यावर बसून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टन गेला. मला त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही, आणि इतकी वर्षं त्यांच्यावर दात धरून बसलेल्या मला तेच सगळ्यात जास्त लागलं.

महिन्याने दाजींचा फोन आला. "पावणं, सवड काढा. तुमच्या आक्काला साताऱ्याला न्ह्यायचं हाय, पोटाच्या डॉक्टरकडं." मी रजा टाकून गेलो. डॉक्टरांनी आक्काला विचारलं, त्रास कधीपासून आहे, जेवणाआधी जास्त होतो का नंतर, काय खाल्लं की वाढतो. दाजी सवयीने उत्तर द्यायला खुर्चीत पुढे सरकले, आणि तसेच थांबले. त्यांना यातलं एकही उत्तर येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तिचा सख्खा भाऊ, तिच्या बाजूने इतकी वर्षं मनातल्या मनात भांडत आलेला, पण मलाही येत नव्हतं. शेवटी आक्काच म्हणाली, "बावीस वर्सं झाली. धाकटी लेक झाली तवापासनं."

बाहेर येऊन औषधांची पिशवी घेताना दाजी खाली बघत म्हणाले, "अगं, येवढं दुकत हुतं तर बोलायचं न्हाईस व्हय?"

आक्का पदर सारखा करत म्हणाली, "कॅप्टन तरी कुटं बोलत हुता?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. उलट कॅप्टनची आठवण येऊन तिचेच डोळे भरले, आणि मग दाजींचेही. मी गाडी आणतो म्हणून पुढे निघून गेलो. परत येताना दाजी पुढे बसले नाहीत, मागे तिच्याजवळ बसले. कोरेगाव येईपर्यंत मी गाडी मुद्दाम सावकाश चालवली.