हातावरचं मीठ

नीलमने आयुष्यभर अंथरूण पाहूनच पाय पसरले. ती भाईंदरच्या एका दवाखान्यात बिलाच्या खिडकीवर बसायची, नवरा नीरज लिफ्टच्या देखभालीला जायचा. दोघं पस्तिशीपुढे सरकली तरी परदेश म्हणजे शेजारच्या हेमालीबेनने मोबाईलवर दाखवलेले फोटो. मग एका दुपारी व्हिएतनामची तिकिटं मातीमोल भावात दिसली आणि नीरजने ती घेऊनही टाकली. तारीख बदलायची सोय नाही, रद्द केलं तर परतावा नाही. स्वस्ताला अटी फार.

अडचण होती सासऱ्यांची. आत्माराम उभा जन्म भाईंदरजवळच्या मुर्धा गावच्या मिठागरावर राबलेले. आधी मिठागर गेलं, मग हळूहळू आठवणही गेली. पोटच्या मुलाला ते गॅसवाला समजत. मुलगी संचिता भेटायला आली की पाहुण्या बाईसारखं तिला चहापाणी विचारत. ओळखत ते फक्त नीलमला. ‘सूनबाय’ ही एक हाक त्या घरात शाबूत होती आणि तिच्या जोरावर नीलम त्यांचं सगळं हसतमुखाने करायची. आपण नजरेआड झालो तर ही हाकही जाईल, अशी भीती तिने नीरजला बोलून दाखवली. तो म्हणाला, संचिता येऊन राहतेय ना, आणि तू जन्मात कधी कुठे गेलीस? खरं सांगायचं तर तिलाही जायचं होतंच.

सामानाला वजनाची मर्यादा, म्हणून दोघं एकावर एक शर्ट चढवून ऐन उकाड्यात विमानतळावर घामाघूम उभी राहिली. हेमालीबेनच्या थेपल्यांवर दिवस निघाले. स्वस्तात मस्त म्हणत दोघं पायी हिंडली, कित्येक वर्षांनी एकमेकांशी निवांत बोलली. नीलम घरी फोन करायची. बाबांनी पहिल्यांदा सूनबाय कुठाय म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. नंतर विचारायचे थांबले. संचिता म्हणाली, आता शांत आहेत, काळजी करू नकोस. नीलमला काळजी तिथूनच लागली.

शेवटच्या दिवशी दोघं एका गावच्या बसने समुद्राकडे निघाली, तर वाटेत मिठागरं. तीच चौकोनी वाफ्यांची रांग, तेच पांढरे ढीग, फावडी ओढणाऱ्या बाया. नीरज हसून म्हणाला, बाबा इथे असते तर थेट कामाला लागले असते. नीलमला मात्र रडू आलं. खुणेनेच मागितल्यावर तिथल्या एका बाईने थेपल्यांच्या रिकाम्या डब्यात मीठ ओतून दिलं. हे मीठ बघून त्यांना सगळं आठवेल, असं नीलमने मनाशी धरलं. वेडी आशा, पण परतीच्या प्रवासात तिने तो डबा मांडीवरून हलवला नाही.

घरात शिरल्या शिरल्या ती चपला काढून त्यांच्यापुढे बसली. आत्माराम खिडकीशी होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि सभ्यपणे हसले. तिने घाईने डबा उघडला, मूठभर मीठ घेतलं आणि त्यांच्या तळहाताकडे नेलं. त्या गडबडीत तिला रीत आठवली नाही.

ती नवी नवरी असताना जेवणाच्या पाटावर हीच चूक झाली होती. तेव्हा ते हात मागे घेत म्हणाले होते, “मीठ हातावं देत न्हाय, सूनबाय. भांडान व्हतं. खाली ठेव.” त्यानंतर इतक्या वर्षांत त्या दोघांचं कधी भांडण झालं नाही.

आताही त्यांनी झटकन हात मागे घेतला. डोळ्यांत जुनी जरब आली. नीलमच्या मागे उभी असलेली संचिता पुढे सरकली.

“मीठ हातावं देत न्हाय,” ते म्हणाले. “भांडान व्हतं. खाली ठेव.”

नीलमची मूठ तशीच अधांतरी. वाक्यातला एकच शब्द यायचा राहिला होता, त्याची ती वाट बघत राहिली. ते जरा पुढे झुकले, तिचा चेहरा न्याहाळला आणि मायेनेच विचारलं, “कोनाची गो तू?”

तिने मीठ खाली ठेवलं.