बावीस देशांचे पट्टे

आगाशीहून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, केळीच्या वाडीआड रेजिना तुस्कानोचं घर होतं. बाईनं लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "वेळ कुणाला होता?" आणि त्यात तसूभर खोटं नव्हतं. चौदाव्या वर्षी कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी तिच्या हातात सुई आणि सोनेरी कलाबतूचं रीळ दिलं, ते पंचेचाळिशी आली तरी तिनं खाली ठेवलं नव्हतं. फादरांचे मिस्साच्या उपासनेचे झगे, मिरवणुकीचे झेंडे, वेदीवरची वस्त्रं, सगळं तिच्या हातचं. पण जीव अडकलेला एकाच कामात. दर सप्टेंबरात मरियामातेच्या सणाला देवळातल्या मूर्तीवर नवा निळा झगा चढायचा, खांद्यापासून पायापर्यंत सोनेरी वेलबुट्टीचा. तो एकोणतीस वर्षं रेजिनाच भरत आली होती. माणसं नवस मातेला बोलायची आणि कौतुक झग्याचं करायची.

१९७९ साली त्या झग्यावरच गदा आली.

आणली व्हेरोनिकानं. व्हेरोनिका म्हणजे देवळाच्या महिला मंडळाची प्रमुख, बोलायला चोख, शिस्तीला कडक. का कोण जाणे, पण रेजिनाचं नाव निघालं की बाईच्या तोंडात कुणी लिंबू पिळल्यासारखं व्हायचं. जूनच्या सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली, "रेजिनाचे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत. उद्या तिनं सुई ठेवली तर पुढे कोण? इतक्या वर्षांत एक तरी पोर तयार केली का तिनं? मुंबईत दुकानं आहेत, मशिनवर झगा भरून देतात. आतापासून सवय करू या."

रेजिनाला झोंबलं, कारण खरं होतं. मुली यायच्या तिच्याकडे, नाही असं नाही. पण टाका वाकडा पडला की रेजिनाचं तोंड सुटायचं, आणि दुसऱ्या दिवशी मुलीची आई निरोप पाठवायची की पोरीला ताप आलाय. फादर थॉमस भले गृहस्थ, दोन्हीकडचं ऐकून घेणारे. त्यांनी तोडगा काढला. "रेजिना, जुलैच्या शेवटच्या रविवारपर्यंत मला एक शिकाऊ मुलगी दाखव. एकच. मिळाली तर झगा तुझा. नाही मिळाली तर दुकानाचा."

एक मुलगी! एवढी मोठी आळी, घराघरात तीन-तीन पोरी. रेजिना छत्री घेऊन दारोदार फिरली. एक नर्सिंगला चालली होती, दुसरीचा टायपिंगचा क्लास होता, तिसरी तोंड वर करून म्हणाली, "मावशी, ते भरतकाम करत बसलं की लग्न होत नाही म्हणतात." रेजिना तशीच माघारी फिरली. घरी आली, दार लावलं आणि एकटीच रडली. झगा गेला तर आपण कशाला उरलो, असं तिला वाटून गेलं.

अशा दिवसांत तिच्या बहिणीचा मुलगा फ्रेडरिक टपकला. हा मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात मेजवान्यांचं बघायचा. बोलण्यात असा गोड की साखर विकत आणायला नको. "मावशी, अर्जंट काम आहे. आमच्याकडे बावीस देशांचे पाहुणे जमणार आहेत. प्रत्येकाला एक पांढरा साटीनचा पट्टा हवा, खांद्यावरून तिरका कमरेपर्यंत येणारा. त्यावर सोनेरी अक्षरात देशाचं नाव. शिवणाऱ्यानं ऐनवेळी हात वर केले. आठ दिवस आहेत. तूच वाचव."

"पाहुणे कसले रे?"

"मोठा सोहळा आहे गं. परीक्षक असतात, निवड होते," म्हणून फ्रेडरिकनं चहात तोंड घातलं.

आता बघा, रेजिनाच्या डोक्यात काय आलं. खांद्यावरून तिरका पट्टा तिनं आयुष्यात एकाच माणसाच्या अंगावर बघितला होता, तो म्हणजे डीकन. पाद्री होण्याच्या आधीच्या पायरीवरचा माणूस, मिस्साला असाच तिरका स्टोल घालतो. चौसष्ट साली पोप मुंबईला आले, जगभरचे पाद्री जमले, तेव्हा सिस्टरांबरोबर बसून तिनं असे कितीतरी स्टोल शिवले होते. परदेशातून लोक येणार, निवड होणार, तिरके पट्टे घालणार. म्हणजे डीकनच की! तिनं दुसरं काही विचारलंच नाही. उंचीसाठी फ्रेडरिकलाच उभा केला आणि त्याच्या अंगावरून टेप फिरवला. आणि फ्रेडरिक होता ताडमाड.

आठ दिवस ती पाटावरून उठली नाही. पेरू देशाचा पट्टा भरताना पेरूसाठी रोझरीची एक माळ जपायची, फिनलंडचा भरताना फिनलंडसाठी. तुर्कस्तानापाशी जरा थबकली. तिथेही डीकन असतात? असतील बापडे, देवाचं काम कुठेही पोचतं. आणि स्टोल म्हटल्यावर त्याच्या टोकाला क्रूस नको का? तिनं प्रत्येक पट्ट्याच्या खालच्या टोकाला तांदळाएवढ्या टाक्यांनी एकेक सोनेरी क्रूस भरला. डोळ्यांना धारा लागल्या, पण बावीसच्या बावीस क्रूस असे उतरले की बघत राहावं.

ठरल्या दिवशी फ्रेडरिक सकाळीच हॉटेलची मॅटाडोर गाडी घेऊन आला. पट्टा उलगडला आणि मटकन खालीच बसला.

"मावशी, हे क्रूस कशाला?"

"मग काय मोर काढू डीकनच्या स्टोलवर?"

फ्रेडरिकला कपाळावर हात मारून घ्यावा लागला. आणि मग, दुसरा इलाजच नव्हता म्हणून, त्यानं खरं काय ते सांगितलं. पाहुणे म्हणजे मुली. सोहळा म्हणजे सौंदर्यस्पर्धा. देशोदेशीच्या बावीस सुंदऱ्या, स्टेजवर चालणार, हसणार, त्यांतली एक राणी होणार.

रेजिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गाढवा! मातेचा झगा भरणारे हात हे! आणि तू त्यांच्याकडून नाचणाऱ्या पोरींचे पट्टे भरून घेतलेस? व्हेरोनिकाच्या कानावर गेलं तर झगा उद्याच दुकानात जाईल!"

"मावशी, पाया पडतो. त्यांच्यात एक मुसलमान आहे, एक बौद्ध आहे. हे क्रूस दिसले तर स्पर्धेच्या मॅडम मला हाकलतील. कापून टाक ना पटकन."

"क्रूस कापू? तू काप, हिंमत असेल तर."

कात्री दोघांनीही उचलली नाही. शेवटी रेजिनाच म्हणाली की टोक आतल्या बाजूला दुमडलं तर क्रूस झाकला जाईल, टाका तुटायचा नाही. पण पट्टे शिवलेले फ्रेडरिकच्या मापाचे, ते त्या मुलींच्या गुडघ्यापर्यंत लोंबणार. किती दुमडायचं ते अंगावर घालून बघितल्याशिवाय कळायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या हातात ती आपलं काम द्यायची नाही. म्हणून मग लाल लुगडं नेसून, सुईची डबी आणि वाटेत खायला सुकेळ्यांची, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्यांची, जुडी घेऊन रेजिना तुस्कानो सौंदर्यस्पर्धेला निघाली. वाटभर ती फ्रेडरिककडे पाठ करून बसली.

हॉटेलच्या दालनात शिरली आणि बाईचा रागच विरला. कसल्या सुंदऱ्या न् कसलं काय! केसांना रोलर लावलेल्या, शेवग्याच्या शेंगांसारख्या पोरी जमिनीवर बसल्या होत्या. पेरूवालीच्या टाचा फुटून रक्त आलं होतं. फिनलंडवाली भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. जपानवाली घरचं पत्र परत परत वाचून डोळे पुसत होती. "अरे, यांना जेवायला घालता की नाही?" रेजिनानं मराठीतच सगळ्या दालनाला विचारलं आणि सुकेळी सोडली. आगाशीची सुकेळी ती, मधासारखी. पाच मिनिटांत जुडी संपली, आणि मॅडम येण्याआधी पोरींनी जुडीभोवतीची वाळकी पानंसुद्धा लपवली.

बावीस पट्टे, दोन हात, आणि तीन तासांवर तालीम. रेजिनानं डबी उघडली. तेवढ्यात तुर्कस्तानवाली शेजारी येऊन बसली. काळेभोर डोळे, नाक जरा लांब. तिनं डबीतली सुई उचलली, दोरा तोंडात ओला केला, एका झटक्यात ओवला आणि दुमड घालायला लागली. रेजिना बघतच राहिली. टाका बारीक, सारखा, आणि कापडावर कुठे ओढ नाही! "आजी," ती मुलगी स्वतःच्या बोटांकडे दाखवून मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "माझ्या आजीनं शिकवलं." क्रूस तिनं पाहिला. थोडा वेळ त्यावर अंगठा फिरवला, मग तो अलगद आत घेतला, त्याच्यातून दोरा जाऊ न देता कडेकडेनं टाके घातले. बारा पट्टे तिनं केले, दहा रेजिनानं. निघताना रेजिनानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळाचा मुका घेतला. पोर मिठी मारून रडली. रेजिनाही रडली, आणि परतताना फ्रेडरिकला म्हणाली, "असली एक आगाशीला असती तर मला कुणाचे पाय धरावे लागले नसते रे."

पुढच्या रविवारी मिस्सानंतर देवळाच्या आवारात बायकांचा घोळका जमला. मधोमध व्हेरोनिका, हातात वर्तमानपत्र, त्यात बावीस जणींचा फोटो. "बघा, बघा या! लाजलज्जा काही आहे? आईबापांनी काही शिकवलेलंच नाही यांना!" घोळक्यातून च्च-च्च झालं.

रेजिनानं गप्प बसायला हवं होतं. कुणालाच काही ठाऊक नव्हतं, आणि दोन आठवडे तोंड मिटून काढले असते तर निदान आशा होती. पण फोटोत डावीकडून तिसरी ती होती, लांब नाकाची.

"व्हेरोनिका," ती म्हणाली, "ते पट्टे माझ्या हातचे आहेत."

सगळा घोळका तिच्याकडे वळला.

"आणि ही तिसरी. हिनं माझ्या शेजारी बसून बारा पट्ट्यांना दुमड घातली. आजीनं शिकवलंय तिला. तुझ्या लेकीला, बेलाला, सुईत दोरा तरी ओवता येतो का? मग दुसऱ्याच्या पोरींना नावं कशाला ठेवायची?"

व्हेरोनिकाचा चेहरा पांढराफटक पडला. "ऐकलंत फादर? मातेचा झगा या हातांनी?" फादर थॉमस तोंडावर रुमाल धरून उभे होते. त्यांना खोकला आला होता की हसू, ते कुणाला कळलं नाही. रुमाल खाली घेऊन ते एवढंच म्हणाले, "मी एक मुलगी आण म्हटलं होतं. अट तीच आहे."

आणि काय आश्चर्य! सोमवारी संध्याकाळी रेजिनाच्या ओट्यावर अकरा पोरी. व्हेरोनिकाची बेलासुद्धा. फोटो पेपरात आलेले पट्टे आपल्या रेजिनामावशीनं भरले, म्हणजे मावशी काही साधीसुधी नव्हे! "आम्हाला पण शिकव, सोनेरी अक्षरं." रेजिनानं त्यांच्यापुढे मांजरपाटाचे तुकडे टाकले. "आधी सरळ रेघ." यावेळी ती एकदाही ओरडली नाही, ओठ चावून चावून दुखले तरी. पण हौस निराळी आणि सुई निराळी. बुधवारी सात उरल्या. दुसऱ्या आठवड्यात तीन. शेवटच्या शुक्रवारी बेला एकटी आली, आणि मान खाली घालून म्हणाली, "मावशी, माझा टायपिंगचा क्लास सुरू होतोय."

"जा बाळा," रेजिना म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

शनिवारी दुपारी ती मांजरपाटाचे तुकडे गोळा करत होती. उद्या रविवार. फादरांना काय सांगायचं ते तिनं ठरवून टाकलं होतं, म्हणजे काहीच नाही, फक्त मान हलवायची. इतक्यात फाटक वाजलं आणि व्हेरोनिका आत आली. आली ही टोमणा मारायला, असं वाटून रेजिनानं कंबर कसली. पण व्हेरोनिका ओट्यावर बसली, पिशवीतून चश्मा काढला, पुसला, घातला.

"बेला सुटली ना तुझ्या तावडीतून?"

"सुटली."

"तिचे हात माझ्यावर गेलेत." व्हेरोनिका अंगणाकडे बघत होती. "कॉन्व्हेंटात सिस्टर ॲग्नेसनं आपल्या वर्गातल्या दोघींना भरतकामासाठी बोलावलं होतं, रेजिना. तुला ठाऊक नाही. आधी मला बघितलं. म्हणाली, हात जड आहे हिचा. मग तुला घेतलं. त्या दिवशी मी जेवले नव्हते. आणि दर सप्टेंबरात तो झगा बघताना मला…" तिनं चश्मा सारखा केला. "त्या तुर्कस्तानच्या पोरीला येतं म्हणालीस, तेव्हा वाटलं, इतक्या लांबच्या मुलीला तू शेजारी बसवलंस, मग मला का नाही बसवणार."

रेजिना तिच्या शेजारी ओट्यावर बसली. एकतीस वर्षं जी आपल्याला पाण्यात बघते असं वाटत होतं, ती झग्याकडे बघत होती तर! तिला एकदम स्वतःचीच लाज वाटली. तिनं गोळा केलेल्या तुकड्यांतून एक काढला, सुई ओवली आणि व्हेरोनिकासमोर धरली.

"आधी सरळ रेघ," ती म्हणाली. मग सुई तिच्या बोटांत देत, "मी ओरडते. ठाऊक आहे ना?"

"मी काय कमी ओरडते?" व्हेरोनिका म्हणाली.

रविवारी मिस्सा संपल्यावर फादर थॉमसनी वेदीवरूनच विचारलं, "काय रेजिना, शिकाऊ मुलगी मिळाली?"

"मिळाली, फादर. सेहेचाळीस वर्षांची आहे. हात जड आहे, पण उठून जात नाही."

सगळं देऊळ माना वळवून शोधू लागलं. पहिल्या बाकावरून व्हेरोनिका उठून उभी राहिली, तीन बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या.

"मीच ती," ती म्हणाली. "दुकानाला नको म्हणून मी कळवते. आणि फादर, यंदा झग्याची खालची किनार माझ्या हातची असेल, तेव्हा जरा लांबूनच बघा."